सवाल अभिरुचीचा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

राजवटीच्या विरोधात उभा राहिलेला कवी म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे मूठ उगारलेला, तुरुंगाची वाट धरलेला माणूस येतो. पोलंडचा कवी झ्बिग्निएव हर्बर्ट या चित्रात बसत नाही. त्याच्या कवितेत घोषणा नाहीत, चढा आवाज तर नाहीच. तरीही कम्युनिस्ट पोलंडमधल्या दोन-तीन पिढ्यांनी त्याच्या कवितेकडे पाहून आपली मान ताठ ठेवली. हे कसं घडलं, ते आज सांगायचं आहे.

हर्बर्टचा जन्म २९ ऑक्टोबर १९२४चा, ल्वुव शहरातला. तेव्हा पोलंडमध्ये असलेलं हे शहर आज युक्रेनमध्ये आहे आणि ल्विव या नावानं ओळखलं जातं. हर्बर्ट पंधरा वर्षांचा होण्याआधीच, १९३९च्या सप्टेंबरात, तिथं सोव्हिएत फौजा आल्या. १९४१मध्ये जर्मन आले. १९४४मध्ये पुन्हा सोव्हिएत. पहिल्या सोव्हिएत अमलात पूर्व पोलंडमधली असंख्य कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे, कझाकस्तानकडे पाठवली गेली. त्यांतलीच काही माणसं देशोदेशी फिरत कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोहोचली आणि १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिली. कोल्हापूरकरांना ही आठवण नव्यानं सांगायला नको.

हर्बर्टचं कुटुंब हद्दपारीतून वाचलं. जर्मनांच्या काळात त्यानं एक विलक्षण नोकरी केली. रुडॉल्फ वाइगल या शास्त्रज्ञाच्या संस्थेत टायफस तापाची लस तयार होत असे. त्यासाठी उवा पोसाव्या लागत आणि त्या माणसाच्या रक्तावरच जगत. उवांच्या छोट्या डब्या पायाला बांधून घ्यायच्या, त्यांना आपलं रक्त पिऊ द्यायचं, हे काम. जर्मन सैन्याला लस हवी होती, म्हणून या संस्थेचं ओळखपत्र जवळ असलं की धरपकडीपासून थोडं संरक्षण मिळे. ल्वुवमधले अनेक प्राध्यापक, विद्यार्थी असेच जगले.

युद्ध संपलं. नवी राजवट आली. १९४९च्या जानेवारीत श्चेचिन शहरात लेखक संघाचं अधिवेशन भरलं आणि समाजवादी वास्तववाद हाच साहित्याचा अधिकृत मार्ग ठरला. आता या व्यवस्थेची रचना समजून घेतली पाहिजे. प्रकाशनसंस्था सरकारच्या हातात. घर, मानधन, परदेशी जाण्याचा पासपोर्ट, सगळं सरकारच्या मर्जीवर. छापायचा प्रत्येक मजकूर आधी वॉर्सातल्या सेन्सॉर कार्यालयाकडे जायचा. ते कार्यालय ज्या रस्त्यावर होतं त्याचं नाव ‘मिसिया’, म्हणजे उंदराची गल्ली! या व्यवस्थेत लेखकाला धमकावण्याची गरज क्वचितच पडे. बहुतेक वेळा त्याला निमंत्रण दिलं जाई.

या निमंत्रणाला पोलंडच्या तीन मोठ्या कवींनी तीन तऱ्हांनी उत्तर दिलं. चेस्वाव मिवोश आधी नव्या सरकारच्या परराष्ट्र सेवेत होता. १९५१मध्ये त्यानं पॅरिसमध्ये आश्रय घेतला. विस्वावा शिम्बोर्स्का तरुणपणी पक्षात गेली, तिनं तशा कविताही लिहिल्या आणि १९६६मध्ये पक्ष सोडला. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं, मिवोशला १९८०मध्ये, शिम्बोर्स्काला १९९६मध्ये. हर्बर्ट देश सोडून गेला नाही आणि पक्षातही गेला नाही. १९५१मध्ये त्यानं लेखक संघ सोडला. अर्थशास्त्र, कायदा, तत्त्वज्ञान शिकलेला हा माणूस कधी बँकेत कारकुनी करी, कधी सहकारी संस्थेत कामगारांच्या वेळेची नोंद ठेवी, तर कधी दलदलीतून निघणाऱ्या जळाऊ मातीच्या उद्योगाच्या कचेरीत बसे. कविता टेबलाच्या खणात साठत राहिल्या. १९५३मध्ये स्टालिन मेला, वातावरण सैल झालं आणि १९५६मध्ये त्याचा पहिला संग्रह आला. समवयस्कांची पुस्तकं कधीच येऊन गेली होती.

खणातल्या त्या वर्षांनी त्याची भाषा घडवली. राजवटीची भाषा विशेषणांनी फुगलेली होती. हर्बर्टनं विशेषणं गाळली, बहुतेक कवितांतून विरामचिन्हंसुद्धा गाळली. तो ग्रीक पुराणातल्या देवांविषयी, रोमन सरदारांविषयी, साध्या दगडाविषयी लिहू लागला. सेन्सॉरला चकवण्यासाठी हे केलं, असं म्हणणं अपुरं आहे. उद्याच्या सुखासाठी आजचा माणूस चिरडणाऱ्या राजवटीत, माणसानं पूर्वी काय काय भोगलं हे आठवून देणं, हेच मोठं काम होतं. १९७४मध्ये त्यानं ‘श्रीयुत कोगितो’ हे पात्र जन्माला घातलं. नाव देकार्तच्या प्रसिद्ध लॅटिन वचनातलं, माणूस मात्र तुमच्याआमच्यासारखा: थोडा भित्रा, थोडा विनोदी, पण खोटं बोलताना अडखळणारा.

१९७५मध्ये राज्यघटनेतील बदलांना विरोध करणाऱ्या ५९ जणांच्या पत्रावर त्याची सही होती. १३ डिसेंबर १९८१ला लष्करी कायदा लागू झाला तेव्हा तो वॉर्सात होता. त्या काळातला ‘वेढलेल्या नगरीचा अहवाल’ हा संग्रह १९८३मध्ये पॅरिसहून निघाला आणि पोलंडमध्ये चोरून छापून हातोहात फिरला. त्यातल्या एका कवितेत तो सांगतो, की नकार द्यायला आम्हांला फार मोठं धैर्य लागलं नाही. तो मुळात अभिरुचीचा प्रश्न होता. खोट्याची भाषाच इतकी बेढब होती, की ती तोंडात येईना.

हे वाचल्यापासून मी पुष्कळदा त्याचा विचार करतो. धैर्य सर्वांपाशी नसतं. सुळावर जाणारे थोडेच. पण बेढब शब्द कानाला खटकणं, ते उच्चारताना जीभ अडणं, एवढं तर प्रत्येकाला जमावं. मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान. ‘तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?’ हा प्रश्न मला दोन्हीकडून विचारला जातो आणि दोन्हीकडे तयार उत्तराचा कागद असतो, फक्त सही करायची. अशा वेळी मला हर्बर्टचा आधार वाटतो. कागदावरची भाषा आधी वाचून पाहावी. ती आपली नसेल, तर सही कशी करणार?

हर्बर्टला देव करण्याचं कारण नाही. राजवट गेल्यावर त्यानं जुन्या मित्रांवरही कठोर शब्द झाडले, मिवोशशी त्याचं बिनसलं. २८ जुलै १९९८ला तो वॉर्सात वारला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पूर्वाश्रमीचे कम्युनिस्ट. त्यांनी मरणोत्तर सर्वोच्च सन्मान देऊ केला. पत्नीनं तो नाकारला. २००७मध्ये दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांनी दिला तेव्हा तो स्वीकारला गेला. आपल्या मृत कवीला आपापल्या गोटात ओढण्याची चढाओढ तिथंही चालतेच.

उंदराच्या गल्लीतलं कार्यालय मात्र १९९०मध्ये बंद झालं. कित्येक वर्षं खणात पडून राहिलेल्या त्याच्या कविता आज जगातल्या अनेक भाषांत वाचल्या जातात. सवड काढून आपणही त्या वाचाव्यात, आणि शक्यतो हळू आवाजात.