दांडीवरून पेटीत

दिल्लीला कामानिमित्त जाणाऱ्या मराठी माणसाला कोपर्निकस मार्ग ठाऊक असतो तो महाराष्ट्र सदनामुळे. २०१३ साली कस्तुरबा गांधी मार्गावर नवी इमारत झाल्यापासून इथल्या सदनाला जुने सदन म्हणतात. याच रस्त्यावरच्या फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित लवादाचे मुख्य पीठ बसते. सप्टेंबर २०२० मध्ये या पीठाने कुक्कुटपालनाबाबत एक महत्त्वाचा आदेश दिला. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी एक लाखापर्यंत पक्षी असलेल्या फार्मना प्रदूषण मंडळाच्या संमतीतून मोकळे ठेवले होते. ही मोकळीक लवादाला मान्य झाली नाही. पाच हजारांवर पक्षी असतील तर हवा आणि पाणी या दोन्ही कायद्यांखाली नियमन हवे, असा त्या आदेशाचा रोख होता. पुढे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सूचना सुधारल्या. विष्ठा कुठे साठवायची, माश्या कशा आवरायच्या, मेलेल्या पक्ष्यांचे काय करायचे, हे सगळे त्यात आले.

आदेश योग्यच होता. फार्मच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या गावाने दुर्गंधी का सोसावी? पण तो प्रश्न कोंबडीच्या शेजाऱ्यांचा होता. खुद्द कोंबडी रात्र कुठे आणि कशी काढते, याचा मागोवा घेऊ लागलो की गेल्या सत्तर वर्षांत तिच्या हातून काय निसटले ते दिसते.

गावातली कोंबडी दिवेलागणीला आपोआप घराकडे वळायची. कोकणात ती परसातल्या फणसावर किंवा पडवीच्या वाशावर चढायची. देशावर खुराडे असायचे, नाहीतर गोठ्यातली आडवी बल्ली. घरात पिल्ले असतील तर बाई त्यांना आईसकट डालग्याखाली झाकायची, कारण रानमांजर रात्रीच येते. अंड्याची जागा वेगळी असे. कोपऱ्यात पेंढा घातलेली पाटी, आणि खुडूक झालेली कोंबडी तिथेच रवणावर बसवली जाई. झोप उंचावर आणि अंडे खाली, ही वाटणी कुणी कोंबडीला शिकवली नव्हती. तांबड्या रानकोंबड्याचा वंश आहे तिचा, आणि रानकोंबडा रात्री झाडावरच बसतो. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही. म्हणून संधिप्रकाश असतानाच ती जागा धरते. पाय दुमडले की बोटे फांदीभोवती आवळली जातात आणि झोपेतही पकड सुटत नाही.

पिल्ले काही आठवड्यांची झाली की आईमागून उड्या मारत वर चढू लागतात. पहिल्या रात्री निम्मी खाली राहतात, ओरडतात, मग एकेक करून वर पोचतात. खाली राहिलेल्याला आई पुन्हा पुन्हा हाक घालते. चढायचे शिक्षण ते इतकेच. पुढची सगळी हकिगत या आईच्या जाण्याची आहे.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या सुमारास व्हाईट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड या जाती सरकारी केंद्रांतून गावोगाव जाऊ लागल्या. पुण्याजवळ खडकीला अंडी उबवणी केंद्र चालू झाले. यंत्रात उबलेले पिल्लू ब्रूडरच्या दिव्याखाली वाढते. त्याला अन्न, ऊब, लस सगळे मिळते, पण संध्याकाळी वर चढून दाखवणारी आई मिळत नाही. या पिल्लांसाठी गादी पद्धत आली. जमिनीवर भाताच्या तुसाची किंवा लाकडी भुशाची जाड गादी, भिंतीला अंड्यांच्या पेट्या. जुन्या पुस्तकांत या घरासाठी बसायच्या दांड्यांचे मापही दिलेले असे. घर बांधताना मात्र पत्रा, जाळी, पेट्या झाल्या की हात थांबत, आणि दांडी राहून जाई.

मग पिंजरा आला आणि त्याने तो प्रश्नच मिटवून टाकला. व्यंकटेश्वरा हॅचरीज १९७१ साली सुरू झाली, तिचे मुख्यालय पुढे पुण्यात आले. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समितीने अंड्याच्या भावाला शिस्त आणली. पांढऱ्या, हलक्या लेअर कोंबड्या पिंजऱ्यांच्या रांगांत बसल्या. तिथे दांडीही नाही आणि पेटीही नाही. तारेच्या उतारावर अंडे घरंगळत पुढे येते आणि स्वच्छ राहते. या व्यवस्थेने अंडे गरिबाच्या ताटात आणले, हे मी मनापासून मानतो. पण या कोंबडीने झोप हरवली हेही तितकेच खरे. स्वीडनच्या कृषी विद्यापीठात अ‍ॅना ओल्सन आणि लिंडा कीलिंग यांनी एक साधा प्रयोग केला होता. दांडीकडे जाण्याच्या वाटेवर ढकलून उघडायचे दार लावले आणि त्याचा भार वाढवत नेला. रात्र पडताना कोंबड्या ते जड दार ढकलून दांडीपर्यंत गेल्या. कोंबडीला खरोखर हवे काय, हे तिने अंगातल्या जोराने सांगितले.

युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशात दर कोंबडीमागे १५ सेंटिमीटर दांडी बंधनकारक केली आणि २०१२ च्या आरंभापासून साधे पिंजरे बंद केले. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये विधी आयोगाने २६९ वा अहवाल याच विषयावर दिला. २०२३ साली केंद्राने अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी नियम काढले आणि पिंजऱ्यात एका पक्ष्याला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा ठरवली. झेरॉक्सच्या ए-फोर कागदाहून ही जागा लहान आहे. तेवढ्यात कोंबडी उभी राहील, उंचावर मात्र जाणार नाही.

मधल्या काळात परसातली कोंबडीही संकटातून गेली. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू नोंदवला गेला. आसपासच्या फार्मांबरोबर घराघरांतले पक्षीही मारावे लागले. ज्या आदिवासी घरात बाजाराचा मीठमसाला कोंबडीवर चालतो, तिथे खुराडे रिकामे होणे म्हणजे काय, ते त्या घरातल्या बाईलाच ठाऊक.

तरीही परसातली कोंबडी परतली, आणि जोरात परतली. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात परसातले पक्षी ३१.७ कोटी आढळले. आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. त्यातल्या पुष्कळ कोंबड्या वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज अशा सुधारित जातींच्या आहेत. आपल्या राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगांचे, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचे, गट वाटले जातात: २५ माद्या आणि ३ नर.

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. तलंग घरी येते ती बहुधा कधी दांडी न पाहिलेली. स्वीडनमधल्याच दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की पहिल्या आठ आठवड्यांत दांडी न मिळालेल्या कोंबड्या पुढे उंचावर चढण्यात कच्च्या राहतात. वनराजासारख्या जड पक्ष्याला तर उडणेही अवघड. मग संध्याकाळ झाली की ही तलंग खुराड्यातला सर्वांत आडोशाचा कोपरा शोधते, आणि तो अंड्याच्या पेटीतच सापडतो. रात्रभर ती तिथेच घाण करते. सकाळी त्यावर अंडे पडते, बरबटते, तडकते. ग्राहक नाक मुरडतो. मालक म्हणतो, सरकारी कोंबडी आळशी. ती आळशी नाही. तिला कुणी वर नेलेले नाही, एवढेच.

शिकवणे अवघड नाही, पण नेटाने करावे लागते. दांडी पेटीपेक्षा उंच हवी, कारण कोंबडी मिळेल त्यातली सर्वांत उंच जागा धरते. जड जातीसाठी अडीच-तीन फूट पुरे, आणि मध्ये चढायला एक खालची पायरी. रुंदी दीड ते दोन इंच, कडा घासून गोल केलेल्या, साल काढलेले लाकूड. पीव्हीसीचा पाइप घसरतो, तो लावू नये. भिंतीपासून हातभर अंतर ठेवावे. पक्ष्यामागे २० सेंटिमीटर धरले तर २८ पक्ष्यांना सुमारे ५.६ मीटर दांडी लागते, म्हणजे दोन-दोन मीटरच्या तीन बल्ल्या. त्या एकाच उंचीवर लावाव्यात. उंच-सखल असल्या की वरच्या जागेसाठी मारामाऱ्या होतात आणि दबलेली कोंबडी पुन्हा पेटीत शिरते.

दुपारी अंडी गोळा झाली की पेटीचे तोंड फळीने बंद करावे आणि पहाटे, अंडे घालायच्या आत उघडावे. पेटीचे छप्पर उतरते करावे, म्हणजे कोंबड्या त्यावर बसून घाण करणार नाहीत. पूर्ण अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जावे आणि खाली बसलेल्या प्रत्येकीला अलगद उचलून दांडीवर ठेवावे. अंधारात ती उतरत नाही. आठवडा-दोन आठवडे हे न चुकता केले की बहुतेक कोंबड्या आपणहून चढू लागतात. उरलेल्या त्यांच्या मागून येतात.

चढलेली कोंबडी पुन्हा खाली येऊ लागली तर तिला दोष देण्याआधी दांडीचा खालचा भाग आणि सांधे बघा. कोंबड्यांची गोचीड दिवसा भेगेत लपते आणि रात्री रक्त पिते. जिथे ती चावते, तिथे कोंबडी टिकणार कशी? बांबूच्या फटी तिच्या खास आवडीच्या. दांड्या काढून उन्हात टाकाव्यात, भेगा बुजवाव्यात, चुना लावावा. उन्हाळ्याचे एक कारण आणखी असते. विदर्भ-मराठवाड्यात आणि दिल्लीच्या मे महिन्यातही तापलेल्या पत्र्याखाली दांडी म्हणजे भट्टी. पत्रा आणि पक्षी यांत अंतर हवे, वरून पेंढ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन हवे.

उंची अती झाली तर उडी चुकून छातीचे हाड मोडते, म्हणून जड पक्ष्याला फार वर चढवू नये. पण योग्य उंचीची दांडी ही खुराड्यातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि तिचा लाभ रोज सकाळी अंड्यावर दिसतो.

पशुसंवर्धन विभागाला माझी विनंती आहे. २५ माद्या आणि ३ नर देताना सोबत तीन बल्ल्यांचे माप लिहून द्यावे. उबवणी आणि संगोपन केंद्रांनी ब्रूडरच्या खोलीत पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून हातभर उंचीची दांडी द्यावी. लाभार्थ्याच्या प्रशिक्षणात लसीकरणाइतकाच वेळ संध्याकाळच्या या कामाला मिळावा. आणि ज्यांच्या घरी तलंगा आल्या आहेत, त्यांनी आज रात्रीच बॅटरी घेऊन खुराडे उघडून पाहावे.