खो-खोचा विश्वचषक, दिव्या आणि आपलं मैदान

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे! या खेळाची खरी गंमत बसलेल्या खेळाडूंमध्ये आहे. शेजारी-शेजारी बसलेल्यांची तोंडं विरुद्ध दिशांना, आणि पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा पकडली की मागे फिरता येत नाही. त्यामुळे नुसता वेग पुरत नाही, खो नेमका कधी द्यायचा हे कळावं लागतं.

त्याच वर्षी जुलैत नागपूरची दिव्या देशमुख बातुमीत महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकून थेट ग्रँडमास्टर झाली, १९व्या वर्षी. केवढा आनंद!

बुद्धिबळाला टेबल पुरतं, खो-खोला मैदान लागतं. आमच्याकडे संध्याकाळी तिथे गाड्या उभ्या असतात. तुमच्या भागात सराव चालत असेल, तर मुलांना घेऊन जाच.