वस्तीवर कुत्रे कोणते घ्याल?

शहरातून केसाळ अल्सेशियन आणायचा बेत आहे? जरा थांबा. वैशाखातल्या उन्हात ते दिवसभर धापा टाकत सावली धरून बसेल. लातूरकडे कारवानी पाळतात ते उगीच नव्हे. आखूड केस, लांब तोंड, सडपातळ अंग. ऊन सोसते आणि ससा दिसला की वाऱ्यासारखे सुटते. पण १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, ओढ मात्र रक्तात राहिली! म्हणून कारवानी घेतलेच तर लहानपणापासून शेळ्या-कोंबड्यांत वाढवा. नुसत्या राखणीला, आम्हांला विचाराल तर, गावठीच बरे. पिलाची आई आधी पाहा: परक्यावर भुंकते का, कोंबड्यांमागे लागते का. पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्या, पुढे दरवर्षी.