उणे दोन क्रमांकाचे चॅनेल

सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवणारे आणि कोणत्याही आर्थिक लाभाविना रेडिओ संदेशवहन करणारे हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर 'हॅम' म्हटले जाते, ते मॉर्सची कडकट्ट आणि आवाजी गप्पा यांच्यापलीकडे जात नाहीत असा समज अद्याप टिकून असला, तरी संगणकीय माहिती रेडिओ लहरींवरून पाठवण्याचे त्यांचे प्रयोग १९७८ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे सुरू झाले होते. माहितीचे लहान तुकडे करून, प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता घालून ते सोडण्याच्या या पद्धतीला 'पॅकेट रेडिओ' असे नाव पडले. तिचा रूढ वेग सेकंदाला १२०० बिट इतकाच असल्याने एक मेगाबाइटचे छायाचित्र पाठवायला, मध्ये एकही तुकडा हरवला नाही असे धरले तरी, पावणेदोन तासांहून अधिक वेळ लागतो. पूरग्रस्त भागाचा नकाशा किंवा जखमींची यादी तातडीने हवी असताना या वेगाचा उपयोग मर्यादितच राहणार हे उघड होते.

हा अडसर दूर केला तो घरोघरी दिसणाऱ्या एका स्वस्त उपकरणाने. लिंकसिस कंपनीचा 'डब्ल्यूआरटी५४जी' हा वायफाय राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला आणि त्याच्या आत लिनक्सवर आधारित आज्ञावली असल्याचे लवकरच उघड झाले. लिनक्सच्या मुक्त परवान्याच्या अटीनुसार कंपनीला त्या आज्ञावलीचा मूळ मजकूर खुला करावा लागला, आणि २००४ मध्ये त्यातूनच 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. राउटरचे फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या स्मृतीत कायम वस्तीला असलेली आज्ञावली, बदलून त्याचे वर्तन बदलता येते हे कळल्यावर अमेरिकेतील टेक्सास राज्यातील हौशी मंडळींनी त्यावर स्वतःचे जाळे बेतले, आणि त्या परंपरेतून पुढे 'एआरईडीएन' हा आपत्कालीन माहितीजाळ्याचा प्रकल्प निघाला, ज्याचे फर्मवेअर आज मायक्रोटिक, युबिक्विटी, टीपी-लिंक अशा कंपन्यांच्या अनेक उपकरणांवर चालते.

तोच राउटर, तीच चिप. मग फरक कुठे पडतो, याचे उत्तर वारंवारतेत आहे. वायफायचे पहिले चॅनेल २४१२ मेगाहर्ट्झवर केंद्रित असते आणि त्याचा पसारा सुमारे २० मेगाहर्ट्झ असल्याने तो खाली साधारण २४०२ पर्यंत पोहोचतो. अमेरिकेत हौशी रेडिओला मिळालेला पट्टा मात्र २३९० पासून २४५० मेगाहर्ट्झपर्यंत आहे, म्हणजे त्याचा तळाचा तुकडा वायफायच्या गर्दीबाहेर मोकळा राहतो. पाच-पाच मेगाहर्ट्झच्या पायऱ्या उतरत गेल्यास १ च्या खाली शून्य, मग उणे एक आणि २३९७ मेगाहर्ट्झवर उणे दोन अशी चॅनेले मिळतात. कोणत्याही दुकानी राउटरच्या यादीत न दिसणारे हे उणे दोन क्रमांकाचे चॅनेल १० मेगाहर्ट्झ रुंदीने वापरले, तर ते २३९२ ते २४०२ एवढ्याच जागेत बसते. रुंदी निम्मी केल्याने वेगही निम्मा होतो, परंतु तेवढीच शक्ती अर्ध्या जागेत एकवटल्याने आणि प्रत्येक चिन्ह दुप्पट काळ टिकत असल्याने क्षीण संकेत आणि डोंगरांवरून येणारे प्रतिध्वनी दोन्ही अधिक नीट हाताळता येतात. हा सौदा फायद्याचाच म्हणावा लागेल.

अंतराचा प्रश्न याहून रंजक आहे. वायफायमध्ये प्रत्येक तुकड्याची पोच यावी लागते आणि ती ठरावीक वेळेत न आल्यास तुकडा हरवला असे मानून तो पुन्हा पाठवला जातो. घरातल्या काही मीटरांसाठी ठरवलेली ही प्रतीक्षा ३० किलोमीटरच्या दुव्यावर तोकडी पडते, कारण प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या लहरींनाही तेथे जाऊन परत यायला सुमारे २०० मायक्रोसेकंद लागतात. म्हणून फर्मवेअरमध्ये अंतर सांगून ती प्रतीक्षा वाढवली जाते. शिवाय समोरचा मनोरा नुसता दिसणे पुरेसे नसते: २० किलोमीटरच्या दुव्यात मध्यबिंदूपाशी लहरींचा मुख्य पट्टा दृष्टिरेषेच्या चहूबाजूंना सुमारे २५ मीटरपर्यंत फुगलेला असतो आणि त्यात झाड किंवा टेकडी शिरली की संकेत ढासळतो. कायदा हौशींना भरपूर शक्ती वापरू देत असला, तरी प्रत्यक्षात ही उपकरणे एका वॉटच्या आतबाहेरच चालतात. लांबचा पल्ला मिळतो तो तबकडीसारख्या दिशानिष्ठ अँटेनामुळे.

असे राउटर एकमेकांना आपोआप हुडकून जाळे विणतात आणि या जाळ्यातील प्रत्येक ठाण्याला 'नोड' म्हणतात. कोणत्या वाटेने तुकडा न्यायचा हे ठरवताना वापरले जाणारे एक माप म्हणजे एक तुकडा यशस्वी होण्यासाठी सरासरी किती वेळा पाठवावा लागेल याचा अंदाज होय: जाताना ८० टक्के आणि येताना ५० टक्के तुकडे पोहोचत असतील, तर हा आकडा अडीच येतो, आणि दोन चांगल्या टप्प्यांची वळणाची वाट त्याहून स्वस्त ठरू शकते. मात्र एकच रेडिओ ऐकून पुढे सांगत असेल, तर प्रत्येक टप्प्यागणिक वेग घटतो. म्हणूनच टेकडीवरच्या ठाण्यात वेगवेगळ्या पट्ट्यांवरचे दोन-तीन रेडिओ केबलने जोडले जातात.

हौशी पट्टा वापरायला मिळण्याच्या सवलतीची किंमत म्हणजे गुप्ततेचा त्याग. अमेरिकी नियमांनुसार हौशी पट्ट्यावर अर्थ लपवण्यासाठी संदेश कूटबद्ध करता येत नाही, व्यापारी कामाला मज्जाव आहे आणि ठाण्याची ओळख ठरावीक काळाने जाहीर करावी लागते. त्यामुळे नोडचे नावच चालकाच्या कॉलसाइनने, म्हणजे परवान्यावरील ओळखचिन्हाने, सुरू होते आणि बँकेचे व्यवहार किंवा रुग्णाची खासगी माहिती या जाळ्याला साजत नाही. आयपीवरील दूरध्वनी, कॅमेरे, हवामानकेंद्राच्या नोंदी आणि मदतकेंद्रांमधील निरोप यांना मात्र ते उत्तम पुरते. आपत्तीत ते तारून नेते हा दावाही सरसकट स्वीकारता येत नाही, कारण ५ वॉट खाणारा राउटर १२ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर कागदोपत्री सोळाएक तास चालतो आणि त्यानंतर टेकडीवर सौरपट्टी नसेल तर सारे जाळे मूक होते.

वर दिलेली चॅनेले अमेरिकेच्या पट्टेवाटपानुसार आहेत. भारतात हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाकडून परीक्षेनंतर मिळतो आणि पट्टेही येथील नियमांनीच ठरतात, तेव्हा ज्यांना हा प्रयोग करून पाहायचा असेल त्यांनी राउटर विकत घेण्याआधी परवाना घ्यावा आणि त्यात नमूद केलेले पट्टे बारकाईने वाचावेत.