थेंब बुडाला, एवढ्यावर

मोरचुदाच्या निळ्या द्रावणात रक्ताचा थेंब सोडला की तो पृष्ठभागाखाली किंचित अडखळतो. मग एक तर सरळ तळाला जातो, नाही तर मध्येच रेंगाळून वर येतो. द्रावणाचं विशिष्ट गुरुत्व १.०५३ ठेवलेलं असतं. थेंब १५ सेकंदांत बुडाला, तर हिमोग्लोबिन निदान १२.५ आहे असं धरतात आणि दात्याला पुढच्या टेबलावर पाठवतात. रक्तदान शिबिरांत माझं टेबल हेच. या चाचणीची मर्यादा मला रोज दिसते. रक्त पुरेसं आहे एवढंच ती सांगते. ते गरजेपेक्षा फार जास्त झालं असेल, तर त्याबद्दल ती गप्प राहते.

जिममधली पोरं आली की हे हटकून आठवतं. त्यांचा थेंब गोटीसारखा खाली जातो.

मे महिन्यात रक्तपेढीची कपाटं रिकामी होतात. कॉलेजं बंद, लोक गावाला आणि थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. अशा वेळी एखाद्या मंडळाच्या सभागृहात आठ-दहा तगडी पोरं एकदम आत आली, की शिबिर घेणाऱ्याला हायसं वाटतं. वजन भरपूर, दंडावर टरारलेल्या शिरा, सुई एका फटक्यात बसणार. ४५० मिलिलिटरची पिशवी बिनदिक्कत लावता येते. आणि ही पोरं मनापासून येतात. महाराष्ट्रात तालमी, व्यायामशाळा आणि मंडळं एकाच गल्लीत वाढली. तिथल्या पोरांना रक्त देणं हे आपलं काम वाटतं, याचा मला अभिमान आहे.

पण त्यांतला एखादा टेबलाशी वाकून हळूच म्हणतो, ‘सर, रक्त घट्ट झालंय. काढून टाका जरा.’ हे त्याला ट्रेनरने सांगितलेलं असतं. सायकल चालू असताना मधूनमधून रक्त द्यायचं, म्हणजे शरीर साफ राहतं, अशी पक्की समजूत आहे. सायकल म्हणजे आठ-बारा आठवडे घेतलेली टेस्टोस्टेरॉनची किंवा डेका नावाच्या स्टिरॉइडची इंजेक्शनं, जोडीला बहुधा गोळ्याही.

त्याचं म्हणणं अर्धं खरं असतं. टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या जातीची औषधं मूत्रपिंडाकडून एरिथ्रोपोएटिन जास्त सोडवून घेतात. शिवाय लोहाला अडवून धरणारं हेप्सिडिन कमी करतात. अस्थिमज्जेला हुकूमही मिळतो आणि मालही, त्यामुळे लाल पेशी वाढतच जातात. पुरुषाच्या रक्तात लाल पेशींचा वाटा साधारण ४० ते ५० टक्के असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या रुग्णात तो ५४ टक्क्यांच्या वर गेला, तर औषध थांबवतात. जिममधल्या पोराचा हा आकडा कुणी मोजलेलाच नसतो. आम्हीही मोजत नाही, कारण आमचा थेंब बुडालेला असतो.

चाचणीच्या आधी फॉर्म असतो. त्यात गेल्या ७२ तासांत घेतलेल्या औषधांची यादी येते: अँटिबायोटिक, अ‍ॅस्पिरिन, दारू, स्टिरॉइड. पोराने शेवटचं इंजेक्शन सोमवारी घेतलेलं असतं, शिबिर रविवारी. त्याने ‘नाही’वर केलेली खूण खोटी नसते. पण डेका तेलात विरघळवलेलं औषध आहे. ते स्नायूत साठून राहतं आणि तिथून आठवडे-आठवडे रक्तात झिरपत असतं. ७२ तासांची चौकट त्याला पुरत नाही. हा प्रश्न या पोरांसाठी नव्याने लिहायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्ये दात्यांना दिलेल्या सूचनांत बॉडीबिल्डिंगच्या इंजेक्शनांचा वेगळा उल्लेख वर्षानुवर्षं राहिला आहे.

डॉक्टर कोपराच्या आतल्या बाजूला सुईच्या खुणा शोधतात. ही इंजेक्शनं मात्र कुल्ल्यात किंवा मांडीत घेतलेली असतात. तेव्हा विचारण्यावाचून उपाय नाही, आणि विचारायचं कसं हे शिकावं लागतं. मित्र शेजारी रांगेत उभे असताना ‘इंजेक्शन घेतोस का?’ म्हटलं, की उत्तर ठरलेलं. आमचे डॉक्टर आता खुर्ची पडद्याआड घेतात आणि साधेपणाने विचारतात, ‘सध्या सायकल चालू आहे का रे?’ मग पोरगं बोलतं. काय घेतो, कुठून आणतो, कोण टोचतं.

टोचतं कोण, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘सुई नवीनच असते सर,’ असं सगळे सांगतात. पण १० मिलिलिटरची कुपी तिघांत असते आणि आधी वापरलेली सुई पुन्हा त्याच कुपीत गेली, तर सुई नवी असून उपयोग नाही. काही जण व्यायामाआधी तरतरी यावी म्हणून मेफेंटरमाइन थेट शिरेत घेतात. शस्त्रक्रियेच्या वेळी पडलेला रक्तदाब वर आणायचं हे औषध. महाराष्ट्रात पोलिसांनी जिमच्या आसपास त्याचे साठे पकडले आहेत. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते हे खरं. तरी लागण नुकतीच झाली असेल तर चाचणीत ती काही काळ सापडत नाही. त्या काळात राखण करतो तो फक्त दात्याचा खरेपणा.

पाठीवर आणि खांद्यावर उठलेले मोठे फोड दिसले की मुरुमांच्या गोळीचंही विचारतो. आयसोट्रेटिनोइन चालू असेल तर शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्त घेत नाहीत, कारण ती पिशवी गरोदर बाईला चढली तर पोटातल्या बाळाला धोका असतो. केस गळतात म्हणून घेतलेल्या फिनास्टेराइडचंही तसंच.

रक्तपेढीत परतल्यावर पिशव्या सेंट्रिफ्यूजमधून निघतात. खाली लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा. एखाद्या पिशवीत लाल थर खूप वर चढलेला असतो आणि प्लाझ्मा जेमतेम. तो प्लाझ्मा हातात घेतला की मला प्रश्न पडतो, दात्याने घेतलेलं औषध यात किती असेल आणि ते कुणाला जाईल? अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचं रक्त घेणाऱ्या काही पेढ्या त्यातल्या लाल पेशीच वापरतात, प्लाझ्मा आणि प्लेटलेट रुग्णाला देत नाहीत. आपल्याकडचा पोरगा तर घेतो काय, हेसुद्धा कुपीवरच्या लेबलवर विश्वास ठेवून सांगत असतो.

आणि त्याचं स्वतःचं काय? एका पिशवीबरोबर जवळपास २०० मिलिग्रॅम लोह जातं. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला ९० दिवस थांबावं लागतं, तोवर औषध चालूच असेल तर पेशी परत भरतात. काही जण तेवढंही न थांबता दुसऱ्या पेढीच्या शिबिरात जातात. मग लोह आटतं, दम लागतो, आणि त्यावर उपाय म्हणून डोस वाढतो. वाढलेला रक्तदाब, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, बंद पडलेली शुक्राणूंची निर्मिती, यांतलं काहीही रक्त काढून सुधारत नाही. घट्ट झालेलं रक्त काढणं हा डॉक्टरांनी करायचा उपचार आहे, शिबिराचं काम नव्हे.

अशा पोराला परत पाठवताना कारण मोठ्याने सांगत नाही. चहा-बिस्किटं त्यालाही देतो. डॉक्टर चिठ्ठीवर तपासण्या लिहून देतात: रक्ताची पूर्ण तपासणी, यकृत, लिपिड, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही. पडद्याआडही जे बोलत नाहीत, त्यांच्यासाठी प्रत्येक दात्याच्या हातात फोन नंबर ठेवतो. घरी जाऊन वाटलं तर फक्त पिशवीचा नंबर सांगायचा आणि ‘वापरू नका’ म्हणायचं. असा फोन एकदा शिबिराच्या रात्रीच आला होता. पिशवी बाजूला काढली, नष्ट केली, रजिस्टरात ‘दात्याच्या विनंतीवरून’ एवढंच लिहिलं, आणि त्याला सकाळी उपाशीपोटी तपासणीला यायला सांगितलं. तो आला, बरोबर जिममधल्या दोघांना घेऊन.