क्रिकेट : उगम, नियम आणि साक्ष

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानपुस्तिका निघते, तिच्यात मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने क्रिकेटवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आठवडाभर गणित शिकविणारे गुरुजी शनिवारी दुपारी मैदानावर पंच म्हणून उभे राहत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना विषय परका वाटणार नाही. शिवाय या खेळाचा पहिला निःसंदिग्ध उल्लेख ज्याच्या मुखातून आला, तोही एका शाळेचा माजी विद्यार्थीच होता.

इंग्लंडमधील गिल्डफर्ड या गावी १५९७ मध्ये (आजच्या कालगणनेनुसार १५९८) जमिनीच्या एका तुकड्यावरून न्यायालयात वाद चालला होता. त्यात ५९ वर्षांच्या जॉन डेरिक यांची साक्ष झाली. गावातील शाळेत शिकत असताना आपण व आपले सोबती याच जागेवर ‘क्रेकेट’ आणि इतर खेळ खेळत असू, असे त्यांनी सांगितले. म्हणजे १५५० च्या सुमारास हा खेळ तेथील मुलांच्या अंगवळणी पडलेला होता. त्यापूर्वी तो आग्नेय इंग्लंडच्या कुरणांतून केव्हा व कसा उगवला याविषयी तर्क पुष्कळ आहेत; निश्चित पुरावा सुरू होतो तो मात्र या साक्षीपासून.

मुलांचा खेळ पुढे मोठ्यांनी उचलला. त्यावर पैजा लागू लागल्या, आणि पैजेचा पैसा आला की मोघम संकेत पुरत नाहीत. १७४४ मध्ये लंडन येथे पहिली ज्ञात लेखी नियमावली सिद्ध झाली. दोन्ही टोकांच्या यष्ट्यांमधील अंतर २२ यार्ड, म्हणजे इंग्रजी जमीनमोजणीची बरोबर एक साखळी, असे तीत ठरले. ते आजही तेवढेच आहे. १७८७ मध्ये मेरिलबोन क्रिकेट क्लब स्थापन झाला आणि १७८८ पासून नियमांची राखण त्याच्याकडे आली. दरम्यान हा खेळ जहाजांबरोबर आपल्याकडेही पोहोचला होता. आपल्या वडोदऱ्यापासून फार दूर नसलेल्या खंभात येथे १७२१ मध्ये इंग्रज खलाशी तो खेळल्याची नोंद आहे.

पुढील नियमांमागे बहुधा एखादी अडचण वा एखादी चलाखी आढळते. १७७१ मध्ये एका फलंदाजाने यष्ट्यांच्या रुंदीएवढी बॅट आणली. परिणामी बॅटची रुंदी सव्वाचार इंचांवर बांधली गेली. फलंदाज पाय आडवा घालून यष्ट्या झाकू लागले, तेव्हा १७७४ मध्ये पायचीतचा नियम आला. त्या काळी एका टोकाला दोनच यष्ट्या असत. १७७५ च्या एका सामन्यात ‘लंपी’ स्टीव्हन्स यांचा चेंडू तीनदा त्यांच्यामधून निसटला आणि फलंदाज बचावला. म्हणून मधली तिसरी यष्टी आली. आपला ‘त्रिफळा’ हा शब्द त्यापूर्वी या खेळाला लावताच आला नसता! हात खांद्यावर नेऊन गोलंदाजी करण्यास मोकळीक मिळाली ती तर १८६४ मध्ये.

आजच्या खेळाचा गाभा थोडक्यात असा. प्रत्येक संघात ११ खेळाडू. मैदानात एका वेळी दोन फलंदाज. त्यांनी टोके बदलली की एक धाव. चेंडू जमिनीला टेकून सीमापार गेला तर चार, न टेकता गेला तर सहा. एका गोलंदाजाने सहा वैध चेंडू टाकले की षटक पूर्ण होते आणि पुढचे दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. दहा फलंदाज बाद झाले की डाव संपतो. २०१७ च्या संहितेनुसार बाद होण्याचे नऊ प्रकार आहेत. त्यांपैकी त्रिफळा, झेल, पायचीत, धावचीत व यष्टिचीत हे नित्याचे. यांतील ‘चीत’ हा शब्द आपण कुस्तीच्या आखाड्यातून उचलला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

मात्र मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो अपिलाचा नियम. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने विचारल्यावाचून पंच कोणालाही बाद देत नाही. १७४४ च्या नियमावलीतही हे होते आणि आजही आहे. फलंदाजाला मात्र, आपण बाद आहोत हे ठाऊक असेल, तर कोणी न विचारताही परत जाण्याची मोकळीक आहे.

या नियमाचा अर्थ मला १९६४ साली कळला. आंतरवर्गीय सामन्यात चेंडू माझ्या बॅटीची कड घेऊन यष्टीरक्षकाच्या हाती गेला. तो पॅडला लागला असे समजून कोणी अपील केले नाही. मी उभाच राहिलो, आणखी १९ धावा काढल्या आणि आमचा वर्ग जिंकला. संध्याकाळी सामान आवरताना गुरुजींनी हळूच विचारले, “चेंडू लागला होता ना रे?” मी मान खाली घालून “हो” म्हणालो. “आवाज मलाही आला होता. पण मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगू शकत नव्हतो. तुला कुणी विचारायची गरज नव्हती.” एवढे बोलून त्यांनी यष्ट्या उचलल्या आणि ते चालू लागले. हा विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही.

डेरिक यांना न्यायालयाने विचारले आणि त्यांनी सांगितले. मला त्या दिवशी विचारले ते फार उशिरा. गुरुजींच्या स्मृतीस वाहिलेल्या या पानांवर, कोणी अपील केलेले नसताना, माझी ती विकेट मी आज नोंदवीत आहे.