हरभऱ्याच्या मुळांचा शोध

कोरडवाहू हरभरा पावसावर नव्हे, तर पावसाने जमिनीत मागे ठेवलेल्या ओलीवर वाढतो. घाटे भरू लागतात त्याच सुमारास वरच्या थरातील ओल संपते आणि दाणा पोसला जात नाही. आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरचा वर्षाचा हिशेब या थोड्या दिवसांवर ठरतो.

यावर उपाय दोन : ओल संपण्यापूर्वी पिकणारा वाण किंवा खोल मुळांचा वाण. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या 'इक्रिसॅट' संस्थेत हरभऱ्याचे हजारो नमुने जतन केलेले आहेत. त्यांपैकी 'आयसीसी ४९५८' याची मुळे भरदार व खोल आढळली. परंतु मुळे पाहावयाची तर झाड उपटावे लागते. म्हणून शास्त्रज्ञांनी या गुणाशी निगडित जनुकीय भाग शोधला. आता कोवळे पान तपासूनही रोप निवडता येते. याच पद्धतीने 'पुसा ३७२' या वाणात तो भाग आणून 'पुसा १०२१६' सिद्ध झाला. यात परक्या जीवाचे जनुक नाही. हरभऱ्याचाच गुण हरभऱ्यात आला आहे.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या संशोधनामागे पिढ्यान्‌पिढ्या बी राखणारे हात आहेत. त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. हरभरा स्वपरागीत असल्याने एकदा मिळालेले शुद्ध बियाणे काही हंगाम घरीही राखता येते. ती पहिली पिशवी लहान शेतकऱ्याच्या दारी पोहोचविणे, हे आपल्या शिकलेल्या मुलामुलींचे काम आहे.